परीक्षिती हसला होता काय?

आज वर्षप्रतिपदा. सूर्योदयाबरोबर घरोघरी गुढ्या उभ्या राहतील, कडुनिंबाची कोवळी पाने गूळ, जिरे, ओवा घालून वाटली जातील आणि गावोगावच्या देवळांत पंचांगश्रवणासाठी मंडळी जमतील. वर्षफल ऐकणे हा आजच्या दिवसाचा विधीच आहे. त्या वर्षफलात मेघांचा, धान्यांचा आणि रसांचा अधिपती सांगण्याआधी दोन अधिकारी सांगितले जातात, वर्षाचा राजा आणि वर्षाचा मंत्री. चैत्र शुद्ध प्रतिपदेला जो वार असेल त्याचा स्वामी ग्रह हा राजा, आणि सूर्य ज्या वारी मेष राशीत प्रवेश करील त्या वाराचा स्वामी हा मंत्री.

एका पाडव्याला राजा मंगळ निघाला. वाचन करणाऱ्या जोशीबुवांनी अग्निभय आणि कलह ही फले सांगताच मागच्या खांबापासून कोणीतरी विचारले, ‘‘म्हणजे सरकार पडणार म्हणायचं का?’’ सारा सभामंडप हसला. जोशीबुवाही हसले आणि पुढच्या ओळीकडे वळले.

हाच प्रश्न अधिक गंभीर चेहऱ्याने मला वर्षानुवर्षे भागवत सप्ताहात विचारला जात आहे. सातव्या दिवशी द्वादश स्कंध लागतो, कलियुगातील राजांचे वर्णन येते, आणि उठता उठता कोणी सद्गृहस्थ म्हणतात, ‘‘महाराज, व्यासांनी हे आधीच लिहून ठेवलं. आजच्या पुढाऱ्यांना तंतोतंत लागू पडतं, नाही का?’’ लागू पडते, असे मीही पुष्कळ वर्षे म्हणत असे. ते म्हणणे मी का सोडले, हे आज सांगावेसे वाटते.

प्रथम त्या स्कंधात आहे काय ते पाहू. मराठी घरांत एकादश स्कंध जितका वाचला जातो तितका द्वादश स्कंध वाचला जात नाही. नाथमहाराजांची टीका एकादशावर आहे. ती त्यांनी १५७३ साली काशीत पूर्ण केली आणि तेथेच थांबले. त्यामुळे बारावा स्कंध म्हणजे कल्की आणि कलियुगाची चार लक्षणे, एवढीच बहुतेकांची समजूत असते. वस्तुतः त्याचा पहिला अध्याय ही एक रूक्ष राजवंशावळी आहे. शुकाचार्य भविष्यकाळी क्रियापदे वापरून सांगतात की अमुक राजा होईल, त्याचा पुत्र तमुक होईल, हा वंश इतकी वर्षे पृथ्वी भोगील. प्रद्योत वंशाचे पाच राजे १३८ वर्षे, शिशुनाग वंशाचे दहा राजे ३६० वर्षे, मग नंद, मग एक ब्राह्मण नंदांना उपटून चंद्रगुप्ताला राज्याभिषेक करील. दहा मौर्य १३७ वर्षे, त्यानंतर शुंग, मग काण्व, मग आंध्र.

ही यादी नीट वाचली तर एक गोष्ट ध्यानात येते. जवळजवळ प्रत्येक वंशाचा आरंभ विश्वासघाताने होतो. प्रद्योताचा बाप शुनक हा राजाचा प्रधान. त्याने धन्याला मारून मुलाला गादीवर बसवले. पुष्यमित्र हा सेनापती. स्त्रीलंपट देवभूतीला मारणारा वसुदेव काण्व हा पुन्हा प्रधान. काण्वांच्या शेवटच्या सुशर्म्याला मारणारा हा त्याचाच सेवक. शत्रूने सीमेवरून येऊन राज्य घेतले, असे क्वचितच. जो जवळ उभा होता त्याने घेतले. (जाता जाता एक विनोद. भागवताच्या पाठात चार काण्वांना मिळून ३४५ वर्षे दिली आहेत, म्हणजे प्रत्येकी शहाऐंशी! इतर पुराणांत हा आकडा ४५ आहे आणि इतिहासकारही तोच मानतात. लेखनिकाच्या हातून तीनशे वर्षे वाढली तरी भाविकाची श्रद्धा ढळू नये, आणि पंडिताने ती चूक झाकूही नये.)

आंध्र म्हणजे आपले सातवाहन. भागवतात त्यांचे तीस राजे ४५६ वर्षे सांगितले आहेत आणि त्यांत गोमतीपुत्र व यज्ञश्री ही नावे आहेत. आजच्या दिवशी ज्या शालिवाहनाच्या नावाने आपण शकाचा आकडा संकल्पात उच्चारतो, त्याचा संबंध परंपरेने याच घराण्याशी आणि पैठणशी जोडला आहे. गोमतीपुत्र म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी. नाशिकच्या पांडवलेण्यात त्याच्या मातेचा, गौतमी बलश्रीचा लेख कोरलेला आहे. आपला पुत्र प्रजेकडून धर्माला अनुसरूनच कर घेत असे आणि त्याचा विनियोगही तसाच करीत असे, हे ती माउली आवर्जून सांगते. पुराणात मात्र त्याला एका नावापुरतीच जागा आहे. आईने मुलाच्या पराक्रमाबरोबर त्याच्या करवसुलीची थोरवी दगडात कोरावी, हे मला फार हृद्य वाटते.

आंध्रांनंतर व्यक्तींची नावे विरळ होत जातात आणि समूह येतात. सात आभीर, दहा गर्दभी, सोळा कंक, आठ यवन, चौदा तुरुष्क, दहा गुरुंड, अकरा मौन. आणि इथेच अर्थ लावणाऱ्यांचे हात शिवशिवू लागतात. गुरुंड म्हणजे कोण? इंग्रजांचे राज्य आल्यावर कोणाला त्या शब्दात ‘गोरा’ ऐकू आला आणि गुरुंड म्हणजे इंग्रज असे ठरून गेले. भविष्यपुराणाचे प्रतिसर्गपर्व तर याच्याही पुढे गेले. त्यात अकबर आहे, तैमूर आहे, गुरुंड आहेत आणि विकटावती नावाची राणीही आहे. विकटावती म्हणजे व्हिक्टोरिया, हे सांगायला नको. हे पुराण १८९७ साली मुंबईच्या श्रीवेंकटेश्वर छापखान्यात छापले गेले, तेव्हा राणी हयात होती. भविष्य म्हणून लिहिलेले ते वर्तमानच होते. हा भाग प्रक्षिप्त आहे असे म्हणताना मला संकोच वाटत नाही. व्यासांची थोरवी राणीचे नाव ओळखण्यावर अवलंबून असती, तर ती फार थोडी ठरली असती.

हा मोह केवळ आपल्याकडचाच आहे असे नाही. आमच्या गावच्या वाचनालयात मराठी बायबलची एक जुनी प्रत आहे. त्यातील दानीएलाचे पुस्तक मी एका चातुर्मासात वाचून काढले आणि द्वादश स्कंधाचे सख्खे भावंड भेटल्यासारखे वाटले. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याला स्वप्न पडते. एक प्रचंड पुतळा आहे. त्याचे मस्तक सोन्याचे, छाती व बाहू रुप्याचे, पोट व मांड्या पितळेच्या, तंगड्या लोखंडाच्या, आणि पावले काही लोखंडाची, काही मातीची. मग कोणाचा हात न लागता सुटलेला एक दगड त्या पावलांवर येऊन आदळतो आणि सारा पुतळा खळ्यातल्या भुसासारखा उडून जातो. दानीएल अर्थ सांगतो की सोन्याचे मस्तक म्हणजे तू. तुझ्यामागून तुझ्याहून हलके दुसरे राज्य येईल, मग तिसरे, मग चौथे. कृतयुगापासून कलीपर्यंत धर्माचा एकेक पाय गळत जातो, त्या आपल्या कल्पनेशी हे किती जुळते, ते वाचकांनीच ताडून पाहावे.

पुढे काय झाले? ज्या ज्या पिढीने ते पुस्तक वाचले तिने तिने आपल्या काळच्या राजाला त्या पुतळ्यात बसवले. इंग्लंडात १६४९ साली पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाला. तेव्हा तेथील एका पंथाने ठरवले की चार राज्ये संपली, आता पाचवे, म्हणजे ख्रिस्ताचे राज्य आले. प्रारंभी त्यांना क्रॉमवेल हा ईश्वराचा हात वाटला. १६५३ च्या डिसेंबरात तोच क्रॉमवेल राज्याचा रक्षक म्हणवून सत्ताधीश झाला, तेव्हा दानीएलाच्याच पुस्तकातील श्वापदाच्या डोक्यावरचे दुष्ट शिंग ते त्याच्यात पाहू लागले. पुस्तक तेच, माणूस तोच. वाचणाऱ्यांचा राग तेवढा बदललेला. १६६१ च्या जानेवारीत त्यांच्यातील मूठभर लोक शस्त्रे घेऊन लंडनच्या रस्त्यांवर उतरले आणि त्यांचे पुढारी फासावर गेले.

निंदेप्रमाणे स्तुतीसाठीही हे चालते. यशयाच्या पुस्तकात इराणचा राजा कोरेश याला देवाचा अभिषिक्त म्हटले आहे. त्याने ख्रिस्तपूर्व ५३९ मध्ये बाबेल जिंकले आणि ज्यूंना मायदेशी परतण्याची मोकळीक दिली. २०१८ साली इस्रायलमधील एका धार्मिक संस्थेने एक स्मारक नाणे पाडले. त्यावर कोरेशाच्या मुखाशेजारी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांचे मुख होते. यरुशलेम ही इस्रायलची राजधानी म्हणून त्यांनी आदल्या डिसेंबरात मान्य केली होती, म्हणून ते आजचे कोरेश. अडीच हजार वर्षांत कोरेश अनेक झाले असतील. नाणे पाडणाऱ्यांचा उत्साह मात्र एकच.

परंतु मूळ दानीएल काय करतो? तो राजाच्या समोर उभा आहे. राजाच्या पाठीमागे, राजाच्या शत्रूंच्या सभेत तो अर्थ सांगत नाही. पुढे दुसऱ्या स्वप्नाचा अर्थ सांगताना तो त्याच राजाला तोंडावर म्हणतो की नीतीने वाग, दीनांवर दया कर, म्हणजे कदाचित तुझे स्वास्थ्य टिकेल. राजा ऐकत नाही. एक वर्षाने राजवाड्याच्या गच्चीवर फिरताना ‘हे थोर बाबेल मीच बांधले’ असा त्याला अभिमान होतो, आणि त्याच क्षणी त्याची बुद्धी जाऊन तो बैलासारखा गवत खाऊ लागतो. ते वाचताना मला माझा एक जुना प्रसंग आठवला आणि पुस्तक मिटून ठेवावे लागले.

२००४ सालचा भाद्रपद. नवमीपासून प्रौष्ठपदी पौर्णिमेपर्यंत गोदाकाठच्या एका मोठ्या गावात सप्ताह होता. सकाळी भागवत, रात्री कीर्तन, दोन्ही माझ्याकडे. विधानसभेचे मतदान १३ ऑक्टोबरला, म्हणजे समाप्तीनंतर पंधरवड्यावर होते. यजमान स्वतः उमेदवार नव्हते, पण उमेदवाराचे निकटचे होते. सहाव्या रात्री ते बिऱ्हाडी येऊन मोठ्या अदबीने म्हणाले, ‘‘बुवा, उद्या कलियुगाचे राजे आहेत ना? जरा खुलवून सांगा. आमच्या लोकांना कळलं पाहिजे की शास्त्रात कोणाचं वर्णन आहे.’’

मी खुलवून सांगितले. कोणाचे नाव घेतले नाही. कीर्तनकाराला नाव घ्यावे लागत नाही. चालण्याची एक लकब, बोलण्याचा एक हेल, एवढ्यावर काम होते. प्रजेला खाऊन टाकणारे राजे, वाचाळपणाला विद्वत्ता आणि दंभाला साधुत्व मानणारा काळ, करांनी आणि अवर्षणाने पिडून डोंगराकडे निघालेले लोक, हे सारे भागवतात आहेच. मी त्याला फक्त त्या तालुक्याचा पोशाख चढवला. मंडप हसून हसून लोळला, टाळ्या पडल्या. दक्षिणेचे पाकीट नेहमीपेक्षा जड होते. ते मी घेतले.

महाप्रसादाच्या पंगती उठल्यावर एक वृद्ध माळकरी जवळ आले. सातही दिवस ते खांबाला टेकून, डोळे मिटून ऐकत असत. नमस्कार करून म्हणाले, ‘‘बुवा, एक इचारायचं हुतं. शुकदेवानं हे सांगितलं तवा परीक्षिती हासला हुता का?’’

त्यांच्या स्वरात टोमणा नव्हता. खरोखरच त्यांना माहिती हवी होती. मी काहीतरी पुटपुटलो. ते ‘बरं’ म्हणाले आणि काठी टेकीत निघून गेले.

मला भागवत मुखोद्गत आहे असा माझा लौकिक होता, आणि श्रोता कोण हेच मी विसरलो होतो. राजांच्या अधःपाताची ही सारी कथा ज्याला सांगितली तो स्वतः राजा आहे. गंगेच्या काठी तो प्रायोपवेशनाला बसला आहे, सातवा दिवस उजाडला आहे, तक्षक वाटेवर आहे. आणि तो निष्पाप म्हणून तेथे बसलेला नाही. तहानेने व्याकूळ होऊन त्याने समाधिस्थ शमीक ऋषींच्या गळ्यात मेलेला साप अडकवला, म्हणून बसला आहे.

त्याहूनही पुढची गोष्ट पहिल्या स्कंधात आहे. याच परीक्षितीने कलीला प्रत्यक्ष पकडले होते. एका पायावर उभ्या असलेल्या बैलाला आणि रडणाऱ्या गाईला मारणारा तो पुरुष राजवेषात होता. राजाने तलवार उपसली, कली पाय धरून शरण आला, आणि राजाने त्याला राहायला जागा नेमून दिल्या. द्यूत, मद्यपान, परस्त्रीसंग आणि हिंसा. कलीचे तेवढ्याने समाधान होईना, तेव्हा पाचवी जागा दिली. सुवर्ण. ज्याने कली ओळखला, पकडला आणि सोडला, त्याच्याच हातून पुढे साधूचा अपमान घडला. आणि माझ्या उपरण्याच्या गाठीत त्या रात्री पाचवी जागा बांधलेली होती.

त्यानंतर मी पहिला अध्याय पुन्हा पुन्हा वाचला. शेवटच्या दोन श्लोकांत एक गोष्ट आहे जी मी इतकी वर्षे नजरेआड केली होती. प्रजा आपल्या धन्यांचेच शील, आचार आणि बोलणे उचलील, आणि मग नष्ट होईल. कोणाकडून? व्यास आधी म्हणतात, एकमेकांकडून. त्यानंतर म्हणतात, आणि राजांकडून. हा क्रम छंदाच्या सोयीसाठी असेल असे कोणी वैयाकरण म्हणेल, आणि मला ते खोडून काढता येणार नाही. पण मला तो क्रम आता छंदापुरता वाटत नाही. त्या दिवशी हसणाऱ्या मंडपात आपापल्या भाऊबंदांवर बांधाचे दावे लावलेले किती होते आणि मतदानाच्या आदल्या रात्री पाकीट घेणारी घरे किती होती, ते त्यांचे त्यांना ठाऊक. पाकीट घेतलेला एक व्यासपीठावर बसला होता, एवढे मला ठाऊक आहे.

या राजांच्या निंदेत त्यांच्या कुळावरही कठोर शब्द आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. त्यांचा आधार घेऊन आजही कोणी कोणाला हिणवतो. परंतु तिसऱ्या अध्यायात पृथ्वी स्वतः बोलू लागते आणि हा कुळाचा डौल पार उतरवून ठेवते. मृत्यूच्या हातची ही खेळणी मला जिंकायला निघाली आहेत, असे म्हणून ती हसते, आणि ज्यांना हसते त्यांची नावे घेते. पृथू, पुरूरवा, नहुष, मांधाता, सगर, रघू, भगीरथ, नल. सूर्यवंश, चंद्रवंश, सारे त्यात आहेत. रावण आणि हिरण्यकशिपू आहेतच, पण त्यांच्याबरोबर रामाचेही नाव आहे. त्या ठिकाणी राम कोणता घ्यावा याविषयी टीकाकारांनी काय म्हणायचे ते म्हणावे. सभेत ते नाव उच्चारताना माझा आवाज दरवेळी खाली जातो. या सबंध ग्रंथात राजांना हसण्याचा अधिकार कोणाला असेल तर तो एकट्या पृथ्वीला आहे. शुकाचार्य लगेच राजाला सांगतात की थोरामोठ्यांच्या या कथा मी तुला विज्ञान आणि वैराग्य यावे म्हणून सांगितल्या. हा वाणीचा विलास आहे, परमार्थ नव्हे.

राहिला कालगणनेचा प्रश्न, कारण तोही विचारला जातोच. शकाच्या आकड्यात ३१७९ मिळवले की कलीची गेलेली वर्षे निघतात. ती सध्या एकावन्नशेच्या थोडी पुढे आहेत. कलीचे पूर्ण मान ४,३२,००० वर्षे. म्हणजे शंभळ ग्रामी विष्णुयशाच्या घरी कल्की अवतरेल त्याला चार लाखांहून अधिक वर्षे अवकाश आहे. येत्या निवडणुकीत कल्की कोण, याची चिंता करणाऱ्यांनी हा हिशेब पंचांगाच्या पहिल्या पानावर पाहून घ्यावा.

मग आजचा राजा कोण? आपली राज्यघटना २६ जानेवारी १९५० ला अमलात आली, आणि तिचा आरंभच ‘आम्ही भारताचे लोक’ या कर्त्याने होतो. व्याकरण शिकलेल्या माणसाला कर्ता कोठे आहे हे सांगावे लागत नाही. ज्या आसनावर परीक्षिती बसून ऐकत होता, त्या आसनावर आता मंडपातला प्रत्येक श्रोता बसला आहे, आणि त्याचा सातवा दिवस कोणता हे त्यालाही ठाऊक नाही. राज्यकर्त्यांना जाब विचारू नये असे मी म्हणत नाही. तो चावडीवर, वर्तमानपत्रात, न्यायालयात आणि मतपेटीत अवश्य विचारावा, नाव घेऊन विचारावा. त्यासाठी व्यासांना साक्षीला ओढू नये एवढेच. साक्षीदार म्हणून ते फार अवघड आहेत. वकिलाचीच उलटतपासणी घेतात.

ते माळकरी पुन्हा भेटले नाहीत. तीन वर्षांनी त्या गावी गेलो तेव्हा ते वैकुंठवासी झाले होते. त्यांचा खांब तेवढा होता.

तेव्हापासून सातव्या दिवशी तो अध्याय मी जसा आहे तसा वाचतो, अर्थ सांगतो आणि पृथ्वीच्या हसण्यापाशी थोडा वेळ थांबतो. सप्ताह ठरवायला येणाऱ्या यजमानांना हे आधीच सांगून टाकतो. बहुतेकांना चालते. मध्यंतरी एका निवडणुकीच्या वर्षी एका गावच्या मंडळींनी विचार करून दोन दिवसांनी कळवतो असे सांगितले, आणि नंतर दुसऱ्या बुवांना बोलावले. तो सप्ताह फार रंगला म्हणतात.